सीझन संपला की…

१९९६ साली रायगडाचा रोपवे सुरू झाला आणि त्याच्या पायथ्याच्या हिरकणीवाडीत एक नवा प्राणी दिसू लागला. त्याचं नाव शेट. पाळण्यातलं नाव काहीही असो, 'घरगुती जेवण मिळेल' ही पाटी लागली की माणूस शेट होतो. पुढे दोन खोल्यांच्या चार होतात. मग ताक, कोकम सरबत, भगव्या टोप्या, लाकडी तलवारी आणि गाड्या लावायला अंगण, असा पसारा वाढत जातो. त्या मानाने पोट जरा जास्तच वाढतं.

हिशेबात शेट पक्का. सिलिंडर कधी लावला, टेम्पोचं ऑईल किती किलोमीटरला बदललं, कुठल्या शाळेच्या गुरुजींकडे किती ताटांचे पैसे राहिलेत, सगळं तोंडपाठ. फक्त स्वतःचं वजन विचारू नये. "मागे दादर स्टेशनवर काट्यावर उभा राहिलो होतो," तो सांगतो. आकडा आठवत नाही, पण तिकिटावर भविष्य चांगलं आलं होतं एवढं नक्की आठवतं.

साखर तपासायचीय, चक्कर का येते ते दाखवायचंय, तंबाखू सोडायचीय, सगळं मान्य. पण सीझन संपला की. आता हा सीझन बघा. एप्रिल-मे सुट्टीचा. ६ जूनला राज्याभिषेक, मग तिथीचा पुन्हा वेगळा. जुलै-ऑगस्टला पावसात भिजायला आलेली पुण्या-मुंबईची पोरं. गणपतीला चाकरमानी. दिवाळीची सुट्टी. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली. १९ फेब्रुवारीला शिवजयंती आणि चैत्री पौर्णिमेला महाराजांची पुण्यतिथी, की आलाच एप्रिल. रायगडाचं टकमक टोक सरळ उतरता येईल, पण शेटचा सीझन उतरत नाही.

गिऱ्हाइकाला मात्र तो तब्येतीवर व्याख्यान देतो. "नाचणीची भाकरी खावा, ताक प्या, आमच्याकडे सोडा-बिडा नाही." स्वतः दुपारी चारला उभ्यानेच सकाळचे उरलेले वडे संपवतो आणि येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरबरोबर चहा घेतो. पाहुण्याला एकट्याला चहा पाजणं बरं दिसत नाही! रोज चालतो का? मुलाने हौसेने पावलं मोजणारं घड्याळ आणून दिलंय. अंगणात खुर्चीवर बसून शेट दिवसभर गाड्यांना हात करतो, आणि संध्याकाळी घड्याळ आठ हजार पावलं दाखवतं. "बघा," तो म्हणतो, "बसून होत नाही असं कोण म्हणतं?" गडावर मुंबईच्या सत्तरीच्या आजी पायऱ्यांनी जाऊन येतात. शेट वर्षातून एकदा पाहुण्यांबरोबर जातो, रोपवेने. काही मिनिटांचं काम, पण वर पोचल्यावर दम त्यालाच लागतो.

जास्त खोदलं की शेट हिरकणीला साक्षीला बोलावतो. "ती माउली बाळासाठी कडा उतरली. आम्ही पण पोरांसाठीच राबतो ना?" वहिनी आतून भाकरी थापता थापता ऐकवतात, "ती त्या रात्री घरी आली होती. तुम्ही रात्री बाराला आलात, ते पण वही घेऊन."

गंमत सोडा, पण शेटचा सगळा धंदा शेटच्याच डोक्यात. उधारी डोक्यात, गुरुजींचे नंबर त्याच्या मोबाइलमध्ये, दूधवाल्याशी बोली तोंडी. तो एक दिवस चक्कर येऊन आडवा झाला की सहलीची बस शेजारच्या अंगणात वळते, आणि शेजारीही शेटच असतो. टेम्पो बंद पडला तर दुसरा भाड्याने मिळतो. मालक भाड्याने मिळत नाही.

अशा या वाडीत आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताई येतात, हातात फॉर्म आणि टेप घेऊन. तिशीच्या वरच्या प्रत्येकाला आजाराचा धोका किती, याचे गुण मांडणं हे त्यांचं काम. शेट लांबूनच "उद्या या" म्हणतो. ताईंनी असे शेट पुष्कळ पाहिलेत. त्या जेवणाच्या रांगेत गिऱ्हाईक म्हणून उभ्या राहतात आणि पैसे देताना गल्ल्यावर गाठतात. वय अठ्ठेचाळीस: दोन गुण. तंबाखू रोज: दोन. कंबर. शेट श्वास आत ओढतो. ताई गप्पा मारत थांबतात. श्वास सुटतो, टेप शंभरच्या पुढे जातो: आणखी दोन. आठवड्याला दीडशे मिनिटं व्यायाम? शेट घड्याळ पुढे करतो. ताई एक गुण मांडतात. आईला साखर होती: दोन.

"नऊ झाले, शेट."

"किती पैकी?" शेट खुलून विचारतो. दहावीनंतर पहिल्यांदाच इतके पडले असावेत.

"चारच्या वर गेले की तपासणी आधी करायची."

मग चेहरा उतरतो. रक्तदाब पुन्हा पुन्हा मोजूनही १४०/९० किंवा त्याच्या वर राहिला तर डॉक्टर गाठायचा, आणि तो चढलेला कळत नाही म्हणूनच मोजायचा, हे ताई शांतपणे सांगतात. शेट ऐकतो, मान डोलावतो आणि म्हणतो, "नक्की. हा सीझन एवढा…"

रायगडला जाल तेव्हा शेटकडे जरूर जेवा. वहिनींच्या हातचं पिठलं फक्कड असतं. बिल देताना 'बीपी किती?' एवढं विचारा. माहीत नसेल, तर ही तपासणी सरकारी केंद्रात फुकट होते हे सांगा. मालकाला फुकट हा शब्द लगेच ऐकू येतो.