उताराच्या शोधात

सह्याद्रीकडे पाहण्याच्या दृष्टी अनेक आहेत. इतिहासकारास तेथे गड दिसतात, वनस्पतिशास्त्रज्ञास कारवी दिसते आणि कवीस काय दिसते ते त्या कवीलाच ठाऊक. परंतु ज्याच्या गाडीची बॅटरी एका रात्रीत उतरते, अशा अभागी मनुष्यास त्या विशाल पर्वतराजीत एकच वस्तू दिसते, आणि ती म्हणजे उतार. ही दिव्य दृष्टी मला गेल्या वैशाखात, देवगडहून कोल्हापुरास हापूसच्या पेट्यांसमवेत जाण्याचा योग आला तेव्हा प्राप्त झाली.

पिकअप माझ्या धाकट्या मेहुण्यांची. हंगामात ती आंबे वाहते, गणेशोत्सवात गणपती आणि एरवी जांभ्याचे चिरे. "भावोजी, चला, अंबाबाईचं दर्शन होईल," या त्यांच्या आमंत्रणातील मेख मला पहाटे उमगली. गाडी अंगणाच्या वरच्या कडेला, नाक उताराकडे करून, पुढल्या चाकाखाली भला थोरला चिरा देऊन उभी होती. मेहुण्यांनी किल्ली फिरवताच आतून पाल चुकचुकावी तसा 'कट् कट्' असा आवाज आला, समोरचे दिवे मंद होऊन विझण्याच्या बेतास आले, आणि "भावोजी, चिरा काढा!" असा हुकूम सुटला. मी चिरा काढला, गाडी पेट्यांसह घरंगळली, दुसऱ्या गिअरात क्लच सुटला, इंजिनाने एक उचकी देऊन जीव धरला, आणि मी तो चिरा पोटाशी धरून गाडीमागे धावत तालुक्याच्या दर्शनास निघालो.

बॅटरी जुनी असेल, हा विचार ज्याच्या मनात येईल त्याने आपण एकटेच शहाणे आहोत असे मानू नये. तो विचार गावातील प्रत्येकास आला होता. "बॅटरी नवीनच घेवक व्हयी," असा एकमुखी निकाल मिळाल्यावर मेहुण्यांनी नवी ६५ अँपिअर-अवरची बॅटरी घेतली. तीही चौथ्या दिवशी उतरली. मग डायनॅमोची तपासणी झाली, सेल्फ खोलून पुन्हा बसवला गेला, टर्मिनलवरची पांढरी बुरशी गरम पाण्याने धुतली गेली, आणि अखेरीस एका वयोवृद्ध गृहस्थाने दृष्ट काढण्याचा सल्ला दिला, जो सर्वांत स्वल्प खर्चाचा असल्यामुळे तत्काळ अमलात आला. बंपरला लिंबू-मिरची लटकली. बॅटरी उतरतच राहिली.

तळेऱ्यास चहासाठी थांबलो. शास्त्राने पाहता तासभर चाललेल्या गाडीने पाव तासाच्या मुक्कामात सेल्फला नकार देण्याचे काही कारण नव्हते. परंतु दुधाने तोंड पोळलेला मनुष्य ताकही फुंकून पितो, या न्यायाने मेहुण्यांनी इंजिन चालूच ठेवले, आणि आम्ही पाळीपाळीने, एक गाडीत व एक बाकावर, असा चहा घेतला. वैभववाडीच्या अलीकडे याहून कठीण प्रसंग आला. एका खाणावळीतून सुरमईच्या तळणीचा असा वास येत होता की वैराग्याची सनद घेतलेल्या पुरुषानेही कमंडलू खाली ठेवावा. पण तिच्यापुढील पटांगण पाटासारखे सपाट. पुढे अर्ध्या मैलावर दुसरी खाणावळ उत्तम उतारावर होती. तेथील आमटीविषयी मी काही लिहू इच्छित नाही. उतार मात्र खरोखर उत्तम होता.

करूळचा घाट लागला आणि आमच्या भूगोलास विलक्षण कलाटणी मिळाली. घाटात उतार विपुल. परंतु ज्याला कोल्हापुरास जावयाचे आहे त्याच्या दृष्टीने तो सर्व चढ. गाडी बंद पडली तर ती ज्या दिशेने घरंगळून सुरू होईल ती दिशा कोकणची, म्हणजे आंबे पुन्हा देवगडास! "उलट्या गिअरातही सुरू होते, भावोजी," असे मेहुणे म्हणाले. ते सत्य आहे. पण दीड टन हापूस पाठीशी आणि त्यापाठी दरी असताना सत्याचे प्रात्यक्षिक पाहण्याची जिज्ञासा मला उरली नव्हती. गगनबावड्यास वर पोहोचलो तेव्हा ढगांत शिरलेला गगनगड मेहुण्यांनी पाहिला की नाही, मला शंका आहे. ते रस्त्याचा कल पाहत होते. तेथून कोल्हापूर पंचावन्न किलोमीटर.

आंबे मार्केट यार्डात वेळेवर उतरले. रात्र तेथेच काढली, आणि यार्डाची जमीन ही सपाटीच्या शास्त्रातील आदर्श असल्यामुळे सकाळी चार हमालांनी, एका म्हशीच्या मालकाने आणि मी मिळून गाडी ढकलली. अंबाबाईचे दर्शन तहकूब ठेवून आम्ही थेट शिवाजी उद्यमनगरात रुजू झालो.

तेथील वायरमन हा विशीतला, मितभाषी इसम होता. त्याने मीटर लावला: ११.८ व्होल्ट. "भरलेली बॅटरी १२.६ दाखवत्या. पावणं, बॅटरीला काय झालं नाही, तुमची गाडी रात्रीचं चोरून खात्या." मग त्याने निगेटिव्हची केबल सोडली आणि केबल व बॅटरी यांच्यामध्ये मीटरच्या दोन सुया अशा बसवल्या की बाहेर जाणारा प्रत्येक थेंब त्या नाक्यावरूनच जावा. "आता किल्लीला हात लावायचा न्हाई, मीटर जळंल." दरवाजा उघडाच ठेवून त्याचे कुलूप त्याने स्क्रूड्रायव्हरने दाबले, जेणेकरून गाडीस आपला दरवाजा लागला आहे असा भास व्हावा, आणि म्हणाला, "आता हिला झोपू द्या."

ही निद्रा म्हणजे काय, हे मला तेथे कळले. हल्लीच्या गाडीत किल्ली काढल्यावरही आतले काही कारकून बराच वेळ दप्तर आवरीत बसतात. त्यांना निघून जाण्यास अर्धा तास द्यावा लागतो, आणि तोवर घेतलेली जबानी ग्राह्य धरीत नाहीत. सरकारी कचेरीत याच्या नेमके उलट असते, म्हणून मला ही गोष्ट समजण्यास वेळ लागला. आम्ही श्वास रोधून बसलो. पंचविसाव्या मिनिटास मेहुण्यांना आपली तंबाखूची पुडी डॅशबोर्डवर राहिल्याचे स्मरण झाले. त्यांनी दुसरा दरवाजा उघडला, आतला दिवा लागला, सर्व कारकून परत आले, आणि वायरमनने काही एक न बोलता पुन्हा घड्याळ पाहिले.

अर्ध्या तासाने आकडा स्थिरावला: २.१ अँपिअर. "पन्नास मिलिअँपिअरपर्यंत माफ असतंय," तो म्हणाला. म्हणजे माफीच्या चाळीसपट वसुली चालू होती. चौदा तासांत एकोणतीस अँपिअर-अवर, जवळजवळ निम्मी बॅटरी! मग चौकशीस प्रारंभ झाला. फ्यूजपेटीतील एकेक फ्यूज चिमट्याने बाहेर यावा, मीटरने आपले मत द्यावे, फ्यूज सन्मानाने परत जावा. हॉर्न निर्दोष. वायपर निर्दोष. आतला दिवा, ज्याच्यावर माझा वैयक्तिक संशय होता, तोही निर्दोष. डायनॅमोची मुख्य तारही सोडून पाहिली, कारण त्याच्या पोटातला एखादा डायोड फुटला तर तो दिवसा भरतो आणि रात्री पितो. तो धुतल्या तांदळासारखा निघाला. पेटी संपली, आकडा २.१.

"दप्तरात नाव नसलेलं कुणीतरी ऱ्हातंय आत," असे पुटपुटत वायरमन आडवा झाला, सीटखाली हात घातला आणि हसला. "हात लावा." मी लावला. एरवी थंड पडलेल्या गाडीत ती एक वस्तू अंगारा लावलेल्या कपाळासारखी उबदार होती. तो अँप्लिफायर होता: गणपतीच्या मिरवणुकीसाठी कोणा हौशी कारागिराने, फ्यूजपेटीस वळसा घालून, जाडजूड तारेने सरळ बॅटरीस जोडलेला, आणि त्याला जागे-झोपेची आज्ञा देणारी बारीक तारही कायमच्या जिवंत तारेस बांधलेली.

"तो तर मेलाय!" मेहुणे उद्गारले. "पाच महिने आवाज नाही त्याचा!"

"आवाज डेक गेल्यामुळं न्हाई. ह्यो जित्ता हाय. वाट बघतोय नुसता."

पाच महिने तो मूक श्रोता सीटखाली, कोणीतरी गाणे लावील या आशेने, अहोरात्र पंचवीस वॅट जाळीत बसला होता. त्याची तार सुटताच मीटर ०.०३ वर आला. मजुरी तीनशे रुपये झाली. नव्या बॅटरीची किंमत, सेल्फ खोलणावळ आणि लिंबे हिशेबात धरलेली नाहीत.

दर्शन झाले. परतताना रात्र गगनबावड्यास काढली, आणि गाडी त्या हंगामात प्रथमच स्वखुशीने सपाट जागी, मत्स्याहाराची सोय असलेल्या खाणावळीपुढे उभी राहिली. सकाळी ती पहिल्या किल्लीस सुरू झाली. जांभ्याचा चिरा मात्र अद्याप हौद्यातच आहे. तो मेहुणे उतरवू देत नाहीत.