सायकल तीच, स्टिकर नवा

अभिनंदन! अमेरिकेतल्या एका सायकल कंपनीत तुमची नेमणूक झाली आणि पहिल्याच बैठकीत साहेबांनी फर्मावलं, "यंदा बायकांसाठी एक माउंटन बाईक काढा." घाबरू नका. त्यासाठी डोंगर चढावा लागत नाही, आणि बायकांशी बोलावं तर मुळीच लागत नाही. खालच्या पायऱ्या तेवढ्या क्रमाने करा.

१. आधी इतिहास विसरा. माउंटन बायकिंगचा खेळ जिथे जन्मला त्या कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत १९७०च्या दशकात वेंडी क्रॅग पुरुषांच्या जोडीने जुन्या, अवजड सायकली उतारावरून पिटाळत होती. जॅकी फेलन १९८३ पासून सलग तीन वर्षं राष्ट्रीय विजेती झाली. २०१६ मध्ये रेचल आथर्टनने डाउनहिल वर्ल्ड कपच्या सातही फेऱ्या जिंकल्या, वर जागतिक अजिंक्यपदही. तिची ट्रेक कंपनीची 'सेशन' सायकल पुरुषही चालवत होते. या सगळ्या अपवाद समजाव्यात. तुमची ग्राहक म्हणजे नवऱ्याच्या हट्टापायी डोंगरावर आलेली बिचारी. खरंच तशी आहे का, हे विचारायला जाल तर काम लांबेल.

२. फ्रेम. कारखान्यात असलेल्या सायकलीचा सगळ्यात लहान साइझ उचला, वरची दांडी जरा खाली आणा. आपल्याकडच्या लेडीज सायकलची दांडी साडी-परकरासाठी खाली आली, तिथे निदान कारण तरी होतं. तुम्ही "बायकांचे पाय लांब, धड आखूड" असं ठणकावून सांगा. टेप घेऊन मोजायला कोण येतंय?

३. रंग. गुलाबीचे दिवस गेले. आता मोरपंखी किंवा जांभळा. नळीवर एखादी वेल चढवलीत तर उत्तम. सांताक्रूझ या सायकल कंपनीने २०१३ मध्ये जुलियाना हा वेगळा ब्रँड काढला, तेव्हा फ्रेम आपल्याच असल्याचं त्यांनी लपवलं नाही. रंग, ग्रिप आणि सीट बदलली, शॉक, म्हणजे मागच्या चाकाचे दणके शोषणारा भाग, हलक्या वजनासाठी जुळवून घेतला. एवढा प्रामाणिकपणा नवशिक्यांना झेपत नाही. आणि शॉक जुळवण्याच्या नादाला तर लागूच नका.

४. फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरून दणके गिळणारा चिमटा. इथे नीट लक्ष द्या, कारण जरा दुर्लक्ष झालं तर चांगली सायकल बनण्याचा धोका आहे. हवेच्या फोर्कमध्ये छोट्या पंपाने वजनाप्रमाणे हवा कमी-जास्त करता येते. पन्नास किलोची बाई असो की नव्वद किलोचा बुवा, दोघांचं काम भागतं. म्हणून तो नको. लोखंडी स्प्रिंगचा स्वस्त फोर्क लावा. त्याची स्प्रिंग भारी गड्याच्या हिशेबाने बनलेली असते; हलकी बाई बसली की तो ढिम्म हलत नाही आणि दगडाचा सगळा दणका तिच्या मनगटात उतरतो. शिवाय तो जडही असतो. चौदा किलोची सायकल ऐंशी किलोच्या पुरुषाला त्याच्या वजनाच्या साडेसतरा टक्के पडते, पन्नास किलोच्या बाईला अठ्ठावीस टक्के. म्हणजे हलकी सायकल ज्या माणसाला जास्त लागते, त्यालाच जड द्यायची. चढावर तिला दम लागला तर प्रेमाने सांगा, "हळूहळू जमेल हो, सवय नाही ना!"

५. सुटे भाग. पुरुषांच्या सायकलीला शिमानोचे वरच्या दर्जाचे एक्सटी भाग असतील तर इथे खालचे देओरे, आणि तिकडे देओरे असतील तर इथे त्याहून खालचे अलिव्हिओ. फक्त मागचा डिरेल्युअर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, एक पायरी वरचा लावा, दुकानात सगळे तिथेच वाकून बघतात. शिफ्टर, चेन, कॅसेट, हब यांत वाचवा. हँडल अरुंदच द्या. रुंद हँडल करवतीने कापून लहान करता येतं, अरुंद मात्र वाढवता येत नाही. म्हणजे पुढे नवं विकण्याची सोय आपोआप झाली. क्रँक, म्हणजे पॅडलचे दांडे, बुटक्या बाईला लांब पडले तरी १७५ मिलिमीटरचेच राहू द्या, गोदामात ढीग पडलाय.

६. किंमत. भाग उतरवले म्हणून किंमत उतरवायची नसते. कुणी विचारलंच तर "कमी संख्येने बनतात ना" म्हणा आणि चेहरा दुःखी ठेवा. धीर हवा असेल तर न्यूयॉर्क शहराच्या ग्राहक खात्याचा २०१५ चा अहवाल उशाशी घ्या: बायकांच्या वस्तू सरासरी सात टक्के महाग, आणि लहान मुलांची लाल स्कूटर २४.९९ डॉलरला, तर तीच गुलाबी ४९.९९ला. त्यांनी ते तक्रार म्हणून छापलं. तुम्ही पाठ्यपुस्तक म्हणून वाचा.

७. नाव. स्काय, लश, टेम्प्ट, कॉन्टेसा ही दुसऱ्या कंपन्यांनी आधीच घेतलीत. अत्तराच्या बाटलीवर शोभेल असं काहीही चालेल. जाहिरातीत पुरुष हवेत उडताना दाखवा, बाई सायकल हातात धरून हसताना.

८. विक्री. दुकानात एकच ठेवा, तीही चुकीच्या साइझची. बाकी "मागवावी लागेल". बाई दोन-तीनदा हेलपाटे घालील आणि शेवटी पुरुषांची मीडियम साइझ घेऊन, सीट बदलून निघून जाईल. वर्षअखेर तक्ता मांडा: बायकांची सायकल खपत नाही, महागडी तर नाहीच. पुढच्या वर्षी भाग आणखी उतरवण्यासाठी हा पुरावा साहेबांना पुरतो. दोन वर्षांत तुमची बढती पक्की.

९. आवराआवर. कधीतरी कोणी शहाणा आकडे घेऊन येईलच. २०१९ मध्ये स्पेशलाइज्ड या सायकल कंपनीने फिटिंगच्या मोजमापांवरून जाहीर केलं, की स्त्री आणि पुरुष यांच्यातल्या फरकापेक्षा दोन माणसांमधलाच फरक मोठा असतो. म्हणणं रास्त आहे, आणि तुमच्या तर फार सोयीचं. लगेच "आम्हीही भेद मानत नाही" असं पत्रक काढा आणि बायकांची मालिका बंद करा. तिच्यासोबत सगळ्यात लहान फ्रेम आणि कारखान्यात कुणी गुपचूप जुळवलेला एखादा हलका शॉक असेल तर तोही जाऊ द्या. उरलेल्या सायकलींवर 'सर्वांसाठी' असा स्टिकर मारा.

मग पाच फुटांची एखादी बाई आलीच, तर तिला मुलांच्या विभागात पाठवा. तिथे चोवीस इंची चाकांची सायकल मिळेल, घंटी फुकट.