आधी अँटिव्हायरस बंद करा

डिजिटल सही ही कागदावरच्या सहीपेक्षा कितीतरी सुरक्षित, असे पहिल्या पानावर सांगणारी मदत-पुस्तिका तिसऱ्या पानावर आपल्याला आज्ञा करते: आधी अँटिव्हायरस बंद करा. मग फायरवॉल. मग पॉप-अप अडवणारी सोय. मग ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन सरकारी पोर्टलचे नाव विश्वासू साइटच्या यादीत घाला आणि सुरक्षेची पट्टी सरकवत तळाला आणा. आणखी खाली गेलात की एक प्रश्न भेटतो, सुरक्षित असल्याचा शिक्का नसलेली ॲक्टिव्हएक्स कंट्रोल्स चालू द्यायची का? यातल्या ‘होय’पुढे खुद्द मायक्रोसॉफ्टने कंसात ‘असुरक्षित’ असे लिहून ठेवले होते. पुस्तिकेतल्या चित्रात लाल बाण नेमका त्याच ‘होय’वर रोखलेला. एवढे सगळे सताड उघडे टाकले की तुमचा कॉम्प्युटर सही करायला लायक ठरतो. ही सही तुमचीच, दुसऱ्या कोणाची असणे शक्यच नाही, अशी ग्वाही देणारी सही.

ज्यांनी हे कधी केलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. पेनड्राइव्हसारखे दिसणारे एक यूएसबी टोकन असते, त्यात तुमची गुप्त किल्ली. टोकनला ड्रायव्हर लागतो. टोकन आणि पोर्टल यांची बोलणी घडवून आणायला बरीच वर्षे जावाचे प्लगइन लागे. जावा नवे असेल तर ते पोर्टलला चालत नसे, जुने असेल तर ब्राउझरला. ब्राउझर बत्तीस बिटी आणि जावा चौसष्ट बिटी निघाले, तर स्थळ कितीही चांगले असो, पत्रिका जमत नसे. मग हेल्पलाइन.

“सर, जावा काढून परत टाका.”

टाकले.

“आता सर, कॅशे क्लिअर करा.”

केली.

“आता एकदा रीस्टार्ट मारा, सर.”

कॉम्प्युटर परत उभा राहीपर्यंत फोन कटलेला असे. पुन्हा लावला की दुसरा मुलगा, तितक्याच आपुलकीने: “सर, जावा टाकलंय ना?”

प्लगइन ही सोय नेटस्केपच्या जमान्यातली, १९९५च्या आसपासची. तेव्हाच्या ब्राउझरला मजकूर आणि चित्रे यापलीकडे फारसे काही जमत नसे, म्हणून बाहेरचा प्रोग्राम आत बोलवायचा. आत आलेल्याला कॉम्प्युटरभर मोकळे रान मिळते, हे चोरांच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. मग आवराआवर सुरू झाली. क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये जुन्या पद्धतीची प्लगइन हद्दपार केली, फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये फ्लॅशचा तेवढा अपवाद ठेवून. जावाने आपले प्लगइन २०१८च्या अकराव्या आवृत्तीतून काढूनच टाकले. फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला संपला, तोही साडेतीन वर्षे आधी जाहीर करून. १५ जून २०२२ ला इंटरनेट एक्स्प्लोरर निवृत्त झाला. जगभरच्या सरकारी खात्यांना यातली प्रत्येक बातमी आदल्या रात्री कळली असावी.

दक्षिण आफ्रिकेच्या कर खात्याचे काही फॉर्म फ्लॅश संपला तेव्हाही त्यातच होते. आता फॉर्म बदलतील, असे तुम्हाआम्हाला वाटते. खात्याने जानेवारी २०२१ मध्ये फ्लॅश चालवणारा स्वतःचा ब्राउझरच काढला. बाणा म्हणावा तो हा.

दक्षिण कोरियाची गोष्ट याहून सुरस. तिथे १९९०च्या दशकाच्या अखेरीस घरचीच एक सांकेतिक पद्धत तयार झाली, ती ब्राउझरात चालवायला ॲक्टिव्हएक्स हे फक्त इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये चालणारे प्लगइन लागे, आणि बघता बघता देशाचे बँकिंग आणि खरेदी त्याच ब्राउझरच्या दावणीला बांधली गेली. लोक वर्षानुवर्षे ओरडत राहिले. मग २०१४ मध्ये एका गाजलेल्या मालिकेतल्या नायिकेचा कोट चिनी चाहत्यांना कोरियन साइटवरून विकत घेता येईना. राष्ट्राध्यक्ष पार्क ग्युन-हे यांनी भर बैठकीत तो विषय काढला आणि यंत्रणा जागी झाली. आपल्याकडे एखाद्या मालिकेतली पैठणी अशी वेळेवर अडकली असती, तर आपलाही प्रश्न मार्गी लागला असता.

आपण प्लगइनला वेगळी वाट काढली. आता ‘युटिलिटी’ उतरवून घ्यायची. ती तुमच्याच कॉम्प्युटरवर छोटासा सर्व्हर होऊन बसते आणि ब्राउझर तिच्याशी १२७.०.०.१ या पत्त्यावर बोलतो. हा पत्ता म्हणजे तुमचाच कॉम्प्युटर. तिथल्या प्रमाणपत्राची हमी कोणीच दिलेली नसते, त्यामुळे ब्राउझर लाल त्रिकोण दाखवून बोंब मारतो की हे ठिकाण धोक्याचे आहे. त्यावर एका कर-पोर्टलची सूचना अशी की ‘ॲडव्हान्स्ड’वर क्लिक करा आणि ‘असुरक्षित’ असे लिहिलेल्या ओळीवरून पुढे जा. बँका इकडे जाहिराती देऊन शिकवतात की असल्या ओळीवर कधीही क्लिक करू नका. आज्ञाधारक नागरिकाने सोमवार ते शनिवार पोर्टलचे ऐकावे आणि रविवारी बँकेचे.

हे झाले विंडोजचे. भारत सरकारची स्वतःची एक लिनक्स आहे, ‘बॉस’ नावाची, सी-डॅकने २००७ मध्ये आणलेली. सरकारने ओपन सोर्स वापरावे, असे केंद्राचे २०१५ पासून लेखी धोरणही आहे. ते धोरण मनावर घेतलेला एक तरुण माझ्या पाहण्यात आहे. त्याने टोकनच्या ड्रायव्हरची डॉट-एसओ फाइल फायरफॉक्सच्या ‘सिक्युरिटी डिव्हायसेस’मध्ये हाताने जोडली, पीसीएससीडी नावाची सेवा जागी आहे का हे टर्मिनलमध्ये विचारून घेतले, आणि टोकनवरचे आपले नाव पडद्यावर उमटल्यावर घरच्यांना हाका मारून दाखवले. त्यानंतर पोर्टलने त्याला विंडोजची एक डॉट-ईएक्सई फाइल उतरवायला सांगितली.

बाकीचे शहाणे लोक सीएकडे जातात. सीएच्या ऑफिसात कोपऱ्यात विंडोज सेव्हनचा एक कॉम्प्युटर असतो, त्यावर कागद चिकटवलेला: ‘अपडेट करू नये. विचारल्याशिवाय बंद करू नये.’ शेजारी प्लॅस्टिकच्या डब्यात अशिलांची टोकने, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी. पिन वहीत. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४२ प्रमाणे ज्याची किल्ली त्यानेच ती जपून आपल्या ताब्यात ठेवायची असते. कारखानदार, सोसायटीचे चेअरमन, ट्रस्टचे विश्वस्त या सर्वांनी ती जपून त्या डब्यात ठेवलेली असते.

या कॉम्प्युटरला हात लावण्याचा अधिकार ऑफिसातल्या एकाच पोराला. आर्टिकलशिपची मुले येतात नि जातात, हा टिकून आहे. कुठल्या पोर्टलला कुठले जावा, कुठले टोकन काढून पुन्हा खोचले की चालते, हे त्यालाच ठाऊक. त्यामुळे रिटर्नच्या शेवटच्या तारखेला तो दुपारपर्यंत साखर कारखान्याचा संचालक असतो, चहानंतर बांधकाम कंपनीचा भागीदार, आणि रात्री अकराला एका वयोवृद्ध उद्योजिकेची हुबेहूब, कायद्याने नाकारता न येणारी सही करतो. मध्यंतरी त्याने नोकरी सोडायची भाषा काढली. साहेबांनी त्याच संध्याकाळी पगार वाढवला. पगारवाढीच्या पत्रावर मात्र साहेबांनी स्वतः सही केली, पेनाने.