समोरच्या पडवीतली खुटखुट

अहो वहिनी, ऐकलंत का? जरा कुंपणाकडे सरका, मोठ्याने बोलायची सोय नाही. समोरचा धाकटा… हो हो, तोच, पणजीची नोकरी सोडून आलेला. पडवीत बसून दिवसभर काय खुटखुट करतो ते कळलं एकदाचं. मला आपलं वाटलेलं, दिवाडीच्या फेरीच्या धक्क्यावर टाकायला जाळं विणतोय. कसलं जाळं! चिलखत करतोय, चिलखत!

मी काय, विरजण मागायच्या निमित्ताने गेले. पडवीभर कड्या. आजी एका कोपऱ्यात तोंड वाकडं करून बसलेली. म्हणते कशी, "दोन हातांत दोन पकडी, पाव्हणा आला तरी मान वर नाही." आणि बाप? पेपरातून डोकं न काढता, "शिकवला तो ह्यासाठी!" पोराचा चेहरा असा उतरला म्हणता… पण हात थांबला नाही हो. तार सळईवर गच्च गुंडाळायची, सळई ओढून काढायची की झाली स्प्रिंग, मग कातरीने एकेक वळसा तोडायचा. एका कडीत चार कड्या ओवायच्या. आणि तोंड उघडताना ओढून फाकवायचं नाही बरं का, एक टोक पुढे, एक मागे, असं मुरडायचं. म्हणजे मिटली की कडी गोलच्या गोल. वर प्रत्येक सांध्यावरून नख फिरवतो. म्हटलं, हे काय? तर म्हणे, "काकू, आज नख अडकलं तर उद्या कुणाचा पदर अडकणार."

हा पदर लक्षात ठेवा, त्याचं पुढे सांगते.

तर काय सांगत होते… शिवजयंतीची मिरवणूक. अफझलखानाचा देखावा करायचा ठरलेला, तुम्हाला ठाऊकच आहे. मंडळातले म्हणाले, चंदेरी बनियन घालू महाराजांना, लांबून कोणाला कळतंय! हा उठून उभा राहिला. "१६५९त प्रतापगडावर खानाने कट्यार मारली ती चिलखतावर घासून गेली, म्हणून पुढचं सगळं झालं. आणि आपण त्यांना बनियन घालायचं?" सगळे गप्प. पुढे म्हणतो कसा, "आपल्या सप्तकोटेश्वराच्या देवळाच्या दारावरचा शिलालेख वाचा. महाराजांनी केलेला जीर्णोद्धार, १६६८चा. मधली नऊ वर्षं मोजा." बनियनवाल्याने जी मान खाली घातली ती चहा येईपर्यंत वर नाही. आता मला विचाराल तर पोर जरा आगाऊच. पण हिशेब चुकीचा आहे का सांगा?

आमच्या ह्यांना मात्र राहवेना. म्हणाले, ह्या तुझ्या कड्या तलवारीच्या एका घावात उघडतील. तर तो हसला. म्हणे, बरोबर आहे काका, माझं नाटकातलं. जुने लोक कडीची टोकं चेपून एकावर एक बसवत, भोक पाडून इवलासा रिव्हेट ठोकत. पुष्कळदा एक ओळ रिव्हेटची, एक ओळ अखंड कड्यांची, आणि मध्येच पितळेच्या कड्या घालून नागमोडी नक्षी! मरणाच्या दारात जाताना नक्षी हवी हो ह्यांना. कापणारी तलवार त्याने अडते, पण अणकुचीदार कट्यार जोरात भोसकली तर कडी फुटते, म्हणून कट्यारींची टोकं मुद्दाम जाड करत. आणि घावाचा दणका हाडाला बसू नये म्हणून आत जाड शिवलेला अंगरखा. लोखंडी असलं की दहा किलोपर्यंत वजन. आपल्याकडच्या पावसात तर गंज ठरलेला, म्हणून ह्याने अ‍ॅल्युमिनियम घेतलं. तिसऱ्या हिश्श्याचं वजन. हे आपले "असं होय" म्हणून घरात आले. तेवढंही हे कधी म्हणत नाहीत कुणाला!

आणि ते खवल्यांचं ऐकलंत का? पितळेचे पत्रे कापून खवले करतो, प्रत्येकाला एक भोक, ते कडीत अडकवायचं. एकावर एक बसले की काय दिसतं म्हणून सांगू! तर मागच्या आळीतले भाऊ म्हणाले, आमच्या वेळी खवले मांजराचे खरे खवले मिळायचे. पोराने सांगितलं, खऱ्या खवल्यांचा सोनेरी नक्षीचा अंगरखासुद्धा आहे, आपल्या देशातूनच इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्ज राजाला गेलेला, आता लीड्सच्या शस्त्रसंग्रहालयात ठेवलाय. भाऊ खूश. लगेच दुसरं वाक्य, "पण आता खवले मांजराला हात लावलात तर तुरुंग." भाऊंना एकदम घरचं काम आठवलं.

हां, तर पदर. त्याच कड्यांची तो कानातली, ब्रेसलेटंही करतो. तुमच्या त्या वरच्या घरातल्या काकू. ह्या सगळ्यांत जास्त कोण हसलं असेल तर त्या. "लोखंडी दागिने कोण घालणार, म्हशी?" असं चारचौघींत म्हणालेल्या, मी होते तिथे. आणि एका लग्नात बघते तर हातात तसलंच ब्रेसलेट! पंगतीत वाढायला वाकल्या आणि कडी पैठणीच्या पदरात. धागा सरसर ओढला गेला. त्या ओरडल्या, "त्या मेल्या कार्ट्याचं काम!" तो तिथेच पाणी वाढत होता. शांतपणे आला, कडी सोडवली, सांध्यावर नख फिरवलं आणि म्हणाला, "काकू, हे माझं नाही. हे कुठल्या बाजारात घेतलंत?" अहो, काय तो चेहरा! श्रीखंड वाढायचं राहिलं.

डिचोलीचे आपले सोनार, जुने, कुणाचं कौतुक न करणारे. त्यांनी पोराचं एक कानातलं भिंगाखाली धरलं. म्हणाले, "डाख न देता सांधा असा बसवणं आमच्या पोरांना जमत नाही." हे त्याच्या बापाच्या समोर बरं का. तेव्हापासून बाप पेपर आत बसून वाचतो, पडवी पोराला मोकळी.

आता हणजुण्याच्या बुधवारच्या बाजारात माल मांडतो. गोरे लोक घासाघीस न करता घेतात म्हणे. आपलेच तेवढे "अ‍ॅल्युमिनियमचं तर आहे" म्हणतात. तारेची किंमत धरता, आणि हाताची?

तुमच्या पुतणीच्या साखरपुड्याला कानातलं हवं असेल तर आत्ताच सांगून ठेवा, चवथीनंतर त्याला वेळ नाही. आणि भाव करायला काकूंना बरोबर नेऊ नका.