वऱ्हाड अडलं फॉन्टात

मेहकरात लग्नसराईत पत्रिकेचा मजकूर पेनड्राइव्हवरून फिरतो. एखाद्या हौशी भाच्याने घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलेलं असलं, की 'मेहकर'च्या जागी ई-एस-जी-डी-जे अशी पाच इंग्रजी अक्षरं उमटतात. निकाल तिथल्या तिथे लागतो: "फुकटचं आहे ना, असंच होणार!"

लिनक्सचा गुन्हा एवढाच, की ते खरं बोललं. फाइल कृतिदेव या फॉन्टात टाइप केलेली. त्यात डी दाबला की क दिसतो, पण साठवला जातो डीच. कृतिदेव हा नुसता मुखवटा. तो मशीनवर नसला की खालचं इंग्रजी तोंड दिसणारच. मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडात आणा, की क हा क म्हणूनच साठवला जातो आणि मुखवट्याची गरजच संपते.

अस्सल युनिकोड मजकुराचे चौकोन दिसत असतील तर मात्र दोष मशीनचा. नोटो किंवा लोहित देवनागरी फॉन्ट बसवायचा, 'एफसी-कॅश' ही कमांड फिरवायची आणि 'एफसी-मॅच'ला विचारायचं, बाबा रे, मराठीसाठी तू कुठला फॉन्ट धरलास? फॉन्ट आपल्याच होम फोल्डरमध्ये ठेवला तर ॲडमिनच्या पासवर्डासाठी भाच्याची मनधरणीही नको.

एवढं करून 'वऱ्हाड' लिहून बघा. ऱ च्या जागी साधा र टाइप झाला तर 'वर्हाड' होतं. ऱ्हची चंद्रकोर जाते आणि ह च्या डोक्यावर रफार बसतो. बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकरात बसून वऱ्हाडच नीट लिहिता येऊ नये! पुढे पत्रिकेवरचं मेहकरच्या दैवताचं नाव: 'शारंगधर बालाजी प्रसन्न'. त्यात श आणि ल दोन्ही. राज्य शासनाने 2009 मध्ये निर्णय काढून देठाचा श आणि पाकळीचा ल मराठीचा ठरवला. कॉम्प्युटर शासन निर्णय वाचत नाही. लिबरऑफिसात मजकूर निवडून भाषा हिंदीऐवजी मराठी करा. फॉन्टात सोय असली तर श आणि ल आपोआप रूप बदलतात. ही सोय वर्षानुवर्षं तिथेच आहे. तिला हात लावणारा मात्र अजून भेटायचाय.

इतका खटाटोप करून फाइल फ्लेक्सवाल्याकडे नेली, की तो स्क्रीनवरून नजर न हटवता म्हणतो, "कृतिदेवमध्ये आणा." आणून दिली की तो सगळी अक्षरं कर्व्हज करून टाकतो. म्हणजे अक्षरांची चित्रं. त्यानंतर नवरदेवाचं आडनाव चुकलेलं दिसलं, तर नवा फ्लेक्स. पैसे वेगळे.