विचारमग्न प्रवासी

हिंजवडीला पोचायला दीड तास लागतो, हे आमचा पुण्याचा मावसभाऊ असं सांगतो की ऐकणाऱ्याला वाटावं, याला सरकारने पदकच द्यायला हवं. कुठल्याही कार्यात पंगत बसली की पहिल्या भातालाच हा विषय निघतो. मग कुणी चांदणी चौक सांगतं, कुणी ठाण्याची लोकल सांगतं. मी गप्प असतो. सगळ्यांचे ताशे वाजवून झाले की पाण्याचा घोट घेतो आणि सहज म्हणून सांगतो, ‘आमचं आपलं सातारा-दहिवडी. साठेक किलोमीटर. मधे वर्धनगडचा घाट. रोज अपडाऊन.’ पंगत क्षणभर थबकते. त्या क्षणासाठीच मी ही नोकरी करतो, असं म्हटलं तरी चालेल.

दुर्दैवाने आमच्या सौभाग्यवतींना हा क्षण पुरता उपभोगू द्यायची सवय नाही. ‘आणि त्यातला दीड तास हे झोपलेले असतात,’ असं त्या वाढता वाढता सांगून जातात.

आता झोपतो हे खरं. पण गाडीतली झोप ही कला आहे, आणि घरी आठ तास पालथं पडणाऱ्यांना ती कळायची नाही. नवशिका मान मागे टाकून तोंड उघडं ठेवतो. त्याला आम्ही अपडाऊनवाले बिरादरीत घेतच नाही. ग्रामसेवक मांडीवर बॅग आणि बॅगेवर कपाळ ठेवतात. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, ग्रामसभेचा ठराव नीट झाला नाही म्हणून रडताहेत. गुरुजी लोक डोळे अर्धे उघडे ठेवून झोपतात. परीक्षेच्या वर्गावर तीन-तीन तास काढलेल्यांनाच हे जमतं. आरोग्यसेविका बाई झोपतच नाहीत, कारण त्यांचा फोन त्यांना झोपू देत नाही. आणि मी? मी ताठ बसतो, हाताची घडी घालतो, भुवया किंचित जवळ आणतो आणि मग झोपतो. बाहेरून बघणाऱ्याला असं दिसलं पाहिजे की बँकेतला हा गृहस्थ तालुक्याच्या पतपुरवठ्याचा विचार करतो आहे.

माहुलीला कृष्णा ओलांडली की माझे डोळे मिटतात. कोरेगावला कान जागे होतात, बाकीचा देह झोपलेलाच राहतो. हंगामात इथे उसाचे दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर आडवे येतात. ड्रायव्हर त्यांना जे बोलतो ते मी झोपेत ऐकतो, म्हणून ते माझ्या संस्कारांपर्यंत पोचत नाही. वर्धनगडच्या वळणांवर डोकं एकदा काचेवर आणि एकदा शेजाऱ्याच्या खांद्यावर जातं. शेजारी नेहमीचा असला तर तो खांदा आधीच तयार ठेवतो. नवखा असला तर आक्रसतो, पण पुसेगाव येईपर्यंत रुळतो. आणि दहिवडी स्टँडच्या अलीकडे मी कुणीही न उठवता जागा होतो. हे अंतर्ज्ञान आहे, असं मी लोकांना कैक वर्षं सांगत आलो. परवा आरोग्यसेविका बाई सगळ्या गाडीसमोर म्हणाल्या, ‘अहो, गुरुजी रोज कोपर मारतात तुम्हाला.’ मी भुवया तशाच जवळ ठेवल्या.

या साधनेवर पहिला घाला पडला तो 17 मार्च 2023 रोजी. त्या दिवसापासून बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना त्याआधीच, 2022 च्या ऑगस्टमध्ये, प्रवास फुकट झाला होता. म्हणजे आता गाडीत सगळा जिल्हा बसलेला आणि पूर्ण पैसे मोजणारा मी दांडीला लोंबकळतो आहे. ताठ बसून विचारमग्न दिसता येतं. लोंबकळत झोपलेला माणूस मात्र काहीही केलं तरी वाळत घातलेल्या धोतरासारखाच दिसतो. आम्ही काही पुरुषांनी पूर्ण तिकीटवाल्यांची संघटना काढायचं ठरवलं. पहिली बैठक गाडीतच घ्यायची होती, पण बसायला जागा मिळाली नाही.

एकदा पुसेगावला एक आजी चढल्या. कंडक्टरने कार्ड बघून ‘बसा’ म्हटलं तर त्या काही बसेनात. ‘आदी तिकीट दे.’

‘आजी, तुम्हाला फुकट आहे.’

‘फुकट आसंल, पर तिकीट नगं व्हय? बिनतिकिटाची बाय हाय व्हय मी?’

त्याने मशीनमधून शून्य रुपयांचं तिकीट काढून दिलं. आजींनी ते दोनदा घडी घालून बटव्यात ठेवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘लेकीकडं निघाले. काल बी गेलते.’ गोंदवल्याला दिलेली लेक. पूर्वी वर्षातून दोन सण आणि एखादं बाळंतपण, एवढीच गाठ. संघटनेची दुसरी बैठक झाली नाही.

माझ्या अपडाऊनची दखल भारत सरकारनेही घेतली आहे, हे सांगायचं राहिलंच. 2011 च्या जनगणनेत कामाला किती लांब जाता आणि कशाने जाता, असे प्रश्न होते. मी किलोमीटर असे खणखणीत सांगितले की शेजारच्यांनाही ऐकू जावेत. मोजणीला आलेले गुरुजी स्वतःच अपडाऊनवाले, त्यामुळे त्यांनी आदराने लिहून घेतलं. पुढे कळलं की हे प्रश्न सगळ्यांना नव्हतेच. स्वतःचं शेत कसणारे आणि शेतमजूर यांना ते विचारायचेच नव्हते. शेत घराजवळच असणार, त्यात प्रवास कसला, असा काहीसा हिशोब असावा.

सकाळी पुसेगावच्या पुढे आमच्या गाडीला पिकअप आडव्या जातात. मागच्या हौद्यात उभ्या बायका, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, हातात डबा आणि विळा. कांदा काढायला कुठल्या शिवारात जायचं ते मुकादमाला ठाऊक, बायांना तिथे उतरल्यावर कळणार. त्यांना भुवया जवळ आणायची सोय नाही, हात दोराला असतात. तिकीट नाही, सवलत नाही, आणि जनगणनेच्या त्या रकान्यातही नाव नाही. त्यातली एखादी खिडकीतून माझा चेहरा बघते, शेजारणीला ढोसते आणि दोघी खिदळतात. पतपुरवठ्याचा विचार करणारा माणूस त्यांनी पहिल्या नजरेत ओळखलेला असतो.

तरीही चिडायचं असेल तर मी वेगळ्याच गोष्टीवर चिडतो. अकरावीतली एक मुलगी कधीमधी बँकेच्या पायरीवर थांबते. गाव आडबाजूला आहे. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट मिळतो, तो तिच्या दप्तरात प्लॅस्टिकच्या पाकिटात असतो. पण ज्या दिवशी तिच्या फाट्यावरची गाडी येत नाही त्या दिवशी वडाप, आणि वडापवाल्याला पास चालत नाही. त्याचंही खरं आहे, डिझेल त्यालाही फुकट मिळत नाही. वीस रुपये आहेत की नाहीत, आणि जीप भरेपर्यंत अंधार किती पडेल, यावर तिचं बी.ए. ठरणार आहे. 2021 च्या दिवाळीच्या सुमाराला एसटीचा संप सुरू झाला आणि पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. तेव्हा तिच्या थोरल्या बहिणीची शाळा सुटली, ती सुटलीच. ‘गाड्या सुरू झाल्यावर परत का नाही गेली?’ असं मी विचारलं. ‘तवर लग्न ठरलं,’ ती म्हणाली. वेळापत्रक विचारावं तशा आवाजात. माझ्या दीड तासाच्या झोपेचं कौतुक सांगताना हे मी पंगतीत कधी सांगितलेलं नाही. भात निवतो.

असो. यंदा बदल्यांच्या यादीआधी वरून विचारणा झाली. साताऱ्यातलीच शाखा, घरापासून चालत दहा मिनिटं. माझं वय आणि कंबर बघून कुणीतरी दया केली असणार. मी घरी अर्ज दाखवला. सौभाग्यवतींनी तो नीट वाचला आणि आनंद आवरत म्हणाल्या, ‘म्हणजे आता संध्याकाळी भाजी तुम्हीच आणाल. सकाळी दूध. आणि चारचौघांत सांगणार काय? दहा मिनिटं?’

दुसऱ्या दिवशी मी वर कळवलं की कौटुंबिक कारणास्तव मला दहिवडीतच ठेवावं.