सतरा वर्षांचा पेन्शनर

पेन्शनर ओळखायला वय विचारावं लागत नाही. तो चालता चालता मध्येच थांबतो, कुठल्यातरी भिंतीकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, "इथं पूर्वी काय होतं माहितीये?" गेल्या एप्रिलात माझ्या भाच्यानं मला तासाभरात अकरा वेळा असं थांबवलं. भाच्याचं वय वर्षं सतरा. मिशीचा अर्ज दाखल झालाय, मंजुरी यायची आहे.

बहिणीनं मला त्याची पेटी आणायला पाठवलं होतं. सहावीत तो जवाहर नवोदय विद्यालयात गेला, आता बारावीचा शेवटचा पेपर देऊन मोकळा झाला. कुठलं नवोदय ते सांगत नाही, कारण हा माणूस सगळ्याच नवोदयांत सापडतो. बॅच ८० जणांची. त्यातले एकोणऐंशी घरी जायच्या घाईत असतात, आणि हा एक गेटपाशी उभा राहून वॉचमनकाकांना विचारत असतो, "काका, आमच्यासारखी बॅच पुन्हा येईल का?" वॉचमनकाका दरवर्षी मान हलवतात. ती होकारार्थी असते की नकारार्थी, हे अजून कुणाला ठरवता आलेलं नाही.

याचं सर्व्हिस बुक याला तोंडपाठ. पाचवीत असताना गावातल्या गुरुजींनी आकृत्यांचे प्रश्न घोटून घेतले. यादीत नाव लागलं तेव्हा एसटी स्टँडवर त्याच्या फोटोचा फ्लेक्स लागला. नवोदयात ७५ टक्के जागा खेड्यातल्या मुलांना असतात, पण आमच्या गावाच्या वाट्याला त्यातली ही पहिलीच आलेली. फोटोत तो रडवेला दिसत होता. पुढं काय वाढून ठेवलंय ते बहुधा त्याला एकट्यालाच कळलं होतं.

पहिलं पोस्टिंग निलगिरी हाऊसला. अरवली, निलगिरी, शिवालिक, उदयगिरी अशी चारही हाऊसना डोंगरांची नावं, शाळा मात्र सपाट माळावर. तिथं पहिले दोन महिने तो पेटीच्या झाकणाआड तोंड घालून रडला. हे त्यानं स्वतः मला सांगितलं, आणि जणू लढाईतली जखम दाखवावी तशी ती जागा दाखवली. "हा बेड. वरचा. इथून मी पडलो होतो. सातवीत." मी काँक्रीटच्या फरशीकडे आदरानं पाहिलं.

आणि मग नववीत बदली. नवोदयात त्याला मायग्रेशन म्हणतात. नववीतली ३० टक्के मुलं वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या मुलखात जातात, तिकडची इकडे येतात. आमचे साहेब उत्तर प्रदेशात गेले. जाताना स्टेशनवर बहिणीच्या पदराला धरून होते. वर्षभरानं परत आले ते स्वतःला 'आम्ही' म्हणायला लागले. "आई, आम्ही जेवलो." बहिणीला वाटलं, पोरगं कुठल्या सरदार घराण्यात दत्तक गेलं की काय. ते नुसतं 'हम'चं मराठी होतं. अजूनही राग आला की तो हिंदीत येतो, आणि झोपेत हिशेब करतो तो इंग्रजीत. तिन्ही भाषांत त्याला एकच गोष्ट चांगली सांगता येते, ती म्हणजे 'आमच्या वेळी'.

आता इतर पेन्शनरांत आणि याच्यात एक फरक आहे. आमच्या कॉलनीतले पेन्शनर म्हणतात, पूर्वी सगळं चांगलं होतं; तूप चांगलं, पाऊस चांगला, साहेब चांगला. वसतिगृहाचा पेन्शनर उलटा. पूर्वी सगळं वाईट होतं, याचाच त्याला अभिमान. आताच्या पोरांना मेसमध्ये पनीर मिळतं. "आमच्या वेळी डाळीत चेहरा दिसायचा, मामा." आताच्या पोरांना गीझर, आमच्या वेळी जानेवारीत पहाटे पाचला पीटीची शिट्टी, आणि बादलीतलं पाणी असं की बोट बुडवलं तर ते आपलं आहे की शेजाऱ्याचं ते कळू नये. आताच्या पोरांना रविवारी घरी व्हिडिओ कॉल. आमच्या वेळी हाऊस मास्टरांचा एकच फोन आणि मागं तीस जणांची रांग, त्यामुळे 'आई, मी बरा आहे, फराळाचं पाठव' एवढं एका दमात बोलायची सवय लागली. हे सगळं 'आमच्या वेळी' म्हणजे केव्हा, तर चार-पाच वर्षांपूर्वी.

डॉर्ममध्ये शेवटच्या रात्री त्यांची बैठक बसली होती. दुसऱ्या दिवशीच्या एसटीसाठी मीही तिथंच एका मोकळ्या बेडवर आडवा झालो होतो, त्यामुळे ऐकायला मिळाली. विषय सापाचा. सहावीत असताना बाथरूममध्ये साप निघाला होता, एवढ्यावर सगळ्यांचं एकमत. पण सहावीत तो दोन फुटांचा होता. मग दर इयत्तेला एक फूट वाढत गेला, आणि आता बारावीत तो आठ फुटांचा, फणा काढलेला आणि थेट मेट्रनबाईंच्या डोळ्यांत बघणारा झालाय. एकानं दबकत आठवण करून दिली की तो बहुधा पाण्याचा पाईप होता. त्याला सगळ्यांनी मिळून गप्प केलं. माझा भाचा तर म्हणाला, "तू नववीत आलास. तुला काय माहीत?" म्हणजे तिथंही सीनियॉरिटी! तो बिचारा रिकाम्या जागेवर नंतर भरती झालेला. तीन वर्षांची सर्व्हिस कमी ती कमीच.

त्याला हसावं तर हिशेब आड येतो. सतरातली सात वर्षं म्हणजे अठ्ठावन्नाव्या वर्षी रिटायर होणाऱ्याच्या हिशेबात चोवीस वर्षं झाली. पाच वर्षांच्या नोकरीवर ग्रॅच्युइटी लागू होते, त्या नियमानं हा केव्हाच पात्र आहे. द्यायची कुणी, एवढाच प्रश्न.

संस्थेचा इतिहास विचाराल तर विचारू नका. १९८५-८६ साली देशात पहिली दोन नवोदयं निघाली, एक हरयाणात झज्जरला, एक आपल्या अमरावतीला. याचा जन्म त्यानंतर वीस-बावीस वर्षांनी. पण 'आपलं अमरावती' असं काही म्हणतो की पहिला नारळ यानंच फोडल्यासारखं वाटावं.

सकाळी निघताना निरोपाच्या दिवशीचा पांढरा शर्ट त्यानं पेटीत सगळ्यात वर ठेवला. त्यावर पेननं सगळ्या वर्गाच्या सह्या. कॉलरच्या आतल्या बाजूला एक बारीक, निळ्या शाईतली, फक्त नावाचं पहिलं अक्षर. मी काही विचारलं नाही. त्यानंही ती घडी पुन्हा घातली आणि म्हणाला, "आईला सांगा, हा धुवायचा नाही."

मग इस्टेटीची वाटणी. तिला सहावीतली पाच पोरं दाराशी वाट बघत उभी होती. बादली एकाला, हँगर दुसऱ्याला, कुलूप तिसऱ्याला. देताना प्रत्येकाला बोध. "या कुलपाची किल्ली हरवली तर सेफ्टी पिननं उघडतं. पण हे कुणाला सांगू नकोस." (हे डॉर्ममधल्या चाळीस जणांसमोर.) बादली मिळालेल्या पोरानं ती उलटीसुलटी पाहिली.

"भैया, हिला भोक आहे."

"तिथं बोट धरायचं," पेन्शनर म्हणाला. "मी सात वर्षं धरलंय."

एसटीला अवकाश होता म्हणून आम्ही स्टँडसमोरच्या खानावळीत जेवायला बसलो. ताट आलं. त्यानं डाळीची वाटी उचलून तिरकी केली, पुन्हा सरळ केली, चेहरा पडला.

"काय झालं?"

"घट्ट आहे."

"मग चांगलंच की."

तो काही बोलला नाही. खाली मान घालून, सहा मिनिटांत, मागून रांग येणार असल्यासारखा जेवला. उठला, ताट-वाटी-पेला एकावर एक रचून उचलला आणि थेट मोरीकडं चालू लागला. गल्ल्यावरचे मालक ओरडले, "अहो, ताट कुठं नेता?" पोऱ्या मागं धावला. याला काही ऐकूच गेलं नाही. नळ सोडून तो ताट घासायला लागला होता, तळहातानं, गोल गोल.

मी माझं ताट घेऊन मागं गेलो. म्हटलं, घासतोच आहेस तर माझंही घे.

त्यानं मान वर न करता सांगितलं, "इथं ज्याचं ताट त्यानंच धुवायचं, मामा."